तीन डिसेंबरचा चौकोन

दिवाळीची साफसफाई आमच्याकडे हल्ली दिवाळीनंतर होते. तशीच ती चालू होती आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, तळाशी अंथरलेलं, एक कॅलेंडर निघालं. १९६९ सालचं. कापडाच्या दुकानानं फुकट वाटलेलं, वर लक्ष्मी, खाली बारापैकी उरलेली चार पानं. डिसेंबरचं पान शाबूत होतं. तारखेच्या चौकोनाचौकोनात भाऊंचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, पेन्सिलीतलं मुंगीएवढं अक्षर.

कॅलेंडर हीच तेव्हा घराची वही. दुधाचा खाडा तिथे, रॉकेलचा डबा तिथे, सालदाराला दिलेली उचल तिथे. गाय कधी दाखवली, धोब्याकडे चादरी किती गेल्या, कोणाच्या घरी बारसं आणि कोणाला ताप, सगळं तिथेच. तुमच्याही घरी असंच असणार. फक्त तुमच्याकडे कदाचित शाईनं लिहीत असतील. आमच्याकडे पेन्सिल, कारण शाईला पैसे पडत.

३ डिसेंबर, बुधवार. चौकोनात चार नोंदी: दूध नाही. वांगी ५ किलो. धुळ्याहून ताई. रेडिओ दुरुस्तीस.

चौथी नोंद वाचली आणि आमचा धाकटा, ज्याला आता नातवंडं आहेत, एकदम ओरडला, "बुधवारी?"

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला असे. हे ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही, पण त्यांनी वाचायला हरकत नाही.

आमचा रेडिओ १९५९ साली आला, कापसाच्या पैशांतून. जिनवाल्याकडून पट्टी हाती पडली तेव्हा आजोबांच्या मनात बैल होता आणि आबाकाकांच्या मनात रेडिओ. रेडिओ आला. बैल पुढच्या साली आला आणि आजोबा दोघांची तुलना मरेपर्यंत करत राहिले. बैलाला पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. रेडिओच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच बोलायचं आहे.

फळीवर त्याची स्थापना झाली. आईनं क्रोशाचा रुमाल विणला. आत्यानं धुळ्याहून झालर लावलेलं मखमली झाकण पाठवलं. दोन्ही घातली की रेडिओच घुसमटतो, असं आजीचं मत. तांब्याच्या जाळीची पट्टी बैठकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. अर्थिंगची तार परसात, तुळशीच्या बाजूला ओल्या मातीत पुरलेली. सिलोन खरखरायला लागलं की धाकट्यानं पळत जाऊन तिथे तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी ओतल्यानं खरखर थांबायची की थांबायची वेळ झालेलीच असायची, हे कोणी तपासून पाहिलं नाही. तुळस मात्र बुधवारी तरारलेली असे.

तो लावायचा आठाला दहा कमी असताना, कारण वाल्व गरम व्हायला वेळ लागे. मग हिरवा डोळा उघडे. मग ४१ मीटरच्या आसपास सुई केसभर इकडे, केसभर तिकडे. ते काम आबाकाकांचं. धपाटाही त्यांचाच: डाव्या अंगाला, तळव्यानं, फार जोरात नाही. भाऊंनी एकदा उजव्या अंगाला मारला तर बातम्या लागल्या.

आणि मग "बहनों और भाइयों". आजीला गाण्यांतलं काही कळत नसे, निदान तिचं तसं म्हणणं होतं, पण हे दोन शब्द ऐकायला ती चुलीपासून उठून येई. "आधी बहिनीले हाक मारतो," ती म्हणे, "शिकेल हाये पोरगा." तेवढं ऐकून परत चुलीकडे.

गीतमालेची आमची वही होती. दोनशे पानी, रेघांची, पुठ्ठ्याला खाकी कागद. डाव्या रकान्यात पायदान, मग गाणं, मग सिनेमा, मग गेल्या आठवड्याचं पायदान, आणि शेवटच्या रकान्यात काकांचा शेरा. 'वर चढेल.' 'वशिला.' 'रफीसाहेबांवर अन्याय.' एखादं गाणं सरताज झालं, बिगुल वाजला, की त्या ओळीभोवती लाल पेन्सिलीची चौकट. धुळ्याच्या आतेभावांची वेगळी वही. दर पंधरवड्याला आंतरदेशीय पत्रातून त्यांचे अंदाज यायचे, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेले. आमच्यापेक्षा त्यांचे अंदाज जास्त बरोबर येत आणि याचं कारण आमच्या मते उघड होतं. जळगावात राहायचं म्हणजे बळीराम पेठेत, जोशी पेठेत, नाहीतर जुन्या गावात. धुळ्यात गल्ल्यांनाच नंबर. जी मुलं जन्मापासून गल्ली नंबर अमुकमध्ये राहून गल्ली नंबर तमुकशी भांडतात, त्यांना पायदानाचं गणित लवकर येणारच.

हे सगळं सिलोनहून का ऐकायचं, असा प्रश्न आम्हाला लहानपणी पडला नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तशी गाणी सिलोनहून येतात, एवढंच माहीत. कारण पुढे कळलं. १९५२ साली नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा निस्सीम भक्त. त्यांच्या अमलात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली. ती समुद्र ओलांडून कोलंबोला गेली आणि तिथून थेट आमच्या फळीवर उतरली. त्याच साली, ३ डिसेंबरला, गीतमालेचा पहिला कार्यक्रम झाला. तोही बुधवारच. निवेदक अमीन सयानींना वीस वर्षं पूर्ण व्हायला अठरा दिवस बाकी होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आल्याचं ते पुढे सांगत. केसकरांच्याच काळात १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी स्वतःच्या घरी परतली, पण तोवर आमच्या सुईला सिलोनची सवय लागली होती. केसकरांवर आमचा राग नाही. त्यांनी बंदी घातली नसती तर बुधवार हा नुसता मंगळवारनंतरचा दिवस राहिला असता.

तो पहिला कार्यक्रम आमच्या घरात कोणी ऐकला नाही, कारण रेडिओच नव्हता. आबाकाका मात्र चहाच्या हॉटेलाबाहेर उभं राहून ऐकल्याचं छातीठोकपणे सांगत. पण ते 'आलमआरा'सुद्धा पहिल्या दिवशी पाहिल्याचं सांगत. 'आलमआरा' १९३१ चा आणि काका १९३८ चे.

आता १९६९ च्या त्या चौकोनाकडे येऊ.

रेडिओ सोमवारीच बसला होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा. काकांचे धपाटे झाले, भाऊंचे झाले, आजोबांची बैलाची आठवण काढून झाली. बुधवारी सकाळी तो चादरीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर, मागून धाकट्यानं धरून, दुरुस्तीला गेला. दुरुस्तीवाल्यानं 'संध्याकाळी देतो' म्हटलं. दुरुस्तीवाल्याची संध्याकाळ केव्हा होते हे आमच्या पिढीला माहीत आहे.

त्याच दिवशी दुपारी धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एसटीनं आत्या आली. आत्या जन्माची जळगावची, पण वीस वर्षं धुळ्यात नांदल्यावर तिच्या 'मले'चं 'माले' झालं होतं आणि 'हाये'चं 'शे'. दारातून रिकामी फळी बघून तिनं विचारलं, "हाई काय शे?" फळीवर नुसता क्रोशाचा रुमाल होता. आम्ही सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. दुखवट्याला आल्यासारखी ती ऐकत बसली.

डिसेंबर म्हणजे खानदेशात भरताचे दिवस. वांगी बामणोदकडची, मोठी, पांढरट हिरवी. पाच किलो वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी उखळीत ठेचायची, त्यात हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. बरोबर कळण्याच्या पुऱ्या. कळणं म्हणजे ज्वारी आणि उडीद, आणि ते गिरणीतून आणलेलं आजीला चालत नसे. गिरणीचं पीठ जळतं म्हणे. म्हणून त्या संध्याकाळी घरोट मांडलं होतं. तुमच्याकडे जातं म्हणत असतील, आमच्याकडे घरोट. घरोटाची दुरुस्तीही ठरलेली. टाकी लावणारी बाई वर्षातून दोनदा गल्लीत हाळी देत येई, पाळ्या उलट्या करून छिन्नीनं ठकठक घाव घाली, दोन पायल्या धान्य घेई आणि सांगितल्या वेळी काम संपवून जाई. रेडिओच्या बाबतीत असं कधी झालं नाही, हा मुद्दा आजोबांच्या नजरेतून सुटला होता. आजीच्या नाही.

आठ वाजायला आले. रेडिओ आला नाही. काका पायजम्यावरच बाहेर पडले, कुठे ते न सांगता. आम्ही मुलं शेजारच्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांच्याकडे मर्फी होता, तोंडाशी बोट धरलेल्या बाळाच्या चित्रासकट. ओट्यावर बसायला मिळालं, पण 'हात लावू नका, बोलू नका, नाव विचारू नका' अशा तीन अटींवर. वही घरी राहिली होती. धाकट्यानं खिशातलं पेन काढलं आणि एकेक पायदान तळहातावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत लिहून घेतलं. सोळाच्या सोळा.

इकडे घरी काय झालं ते आईनं पुढे कितीतरी वेळा सांगितलं. आत्या आणि आजी घरोटाला बसल्या, समोरासमोर, खुंट्याला दोघींचा एकेक हात. आईनं वैरण घालायची. आणि रेडिओ नसल्यामुळे घर एवढं गप्प होतं की तिघींनाही काहीतरी म्हणावंसं वाटलं. आधी आजीच्या ओव्या झाल्या. मग आत्यानं धुळ्याकडची आखाजीची गाणी म्हटली, डिसेंबरात, बिनआखाजीची. मग आईनं संसारावरचं ते गाणं म्हटलं, 'मानिनी'तलं. अनंत मान्यांचा तो सिनेमा, वसंत पवारांचं संगीत. १९६१ सालचा. आई आणि भाऊंनी लग्नानंतर एकत्र पाहिलेला पहिला.

आजीनं खुंटा थांबवला. "हे तं घरोटावरचं गानं हाये," ती म्हणाली, "सिनेमाचं कशाले म्हनता?"

आईनं सांगितलं की सिनेमात आहे, पण आहे बहिणाबाईंचं. आपल्याच जळगावच्या, चौधरी वाड्यातल्या. आजीला हे नवीन नव्हतं. तिनं बहिणाबाईंना पाहिलं होतं का, हे आम्ही नंतर खूपदा विचारलं. गांधीजींना पाहिलं होतं, १९३६ ला फैजपूरच्या काँग्रेसला, लांबून. बहिणाबाई आठवत नव्हत्या. "आपल्यासारकीच असंन ती," ती म्हणे. "दयन दयतांना बाईकडे कोन पाहतं?"

बहिणाबाई असोद्याच्या महाजनांची लेक. जन्म १८८० च्या नागपंचमीचा. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न, तिशीत वैधव्य, तीन लेकरं आणि शेत. अक्षरओळख नाही. गाणी सुचत ती शेतात, चुलीपाशी आणि घरोटावर, आणि ती वाऱ्यावर जायची तशी गेलीही असती. मुलगा सोपानदेव आणि आतेमावसभावंडांपैकी जो कोणी जवळ असेल तो मिळेल त्या कागदावर टिपून ठेवी. त्या गेल्यावर सोपानदेवांनी तो कागदांचा ठेवा बिचकत बिचकत आचार्य अत्र्यांपुढे ठेवला. अत्र्यांनी हरखून, प्रस्तावना लिहून, तो १९५२ साली पुस्तक करून महाराष्ट्रापुढे आणला.

पिठाचा हिशेब ठेवणाऱ्या घरांना हा हिशेब कळेल. आमच्या घरातली आजीची गाणी कोणी टिपली नाहीत. टिपायला पेन होतं, वही होती, दोनशे पानी होती, पण ती गीतमालेची होती.

त्या रात्री काका साडेनवाला परतले. कुठे जाऊन ऐकलं ते सांगेनात, पण चेहऱ्यावर सरताज गीत होतं. धाकटा कोपरापर्यंत निळा होऊन आला आणि, त्याचं काय चुकलं, नऊ वर्षांचा होता, भूक लागली होती, पानावर भरीत वाढलेलं होतं. तो तसाच बसला. आमच्या ध्यानात येईपर्यंत पाचवं पायदान तेलात गेलं होतं आणि पहिलं कळण्याच्या पुरीला लागलं होतं. उरलं ते आत्यानं त्याचा हात धरून, साबण लावून, घासून काढलं. तिला वाटलं, शाळेतून माखून आला आहे.

चौकोनात यातलं काही नाही. दूध नाही, वांगी, ताई, रेडिओ. बस.

आता पुढची गंमत. कॅलेंडर सापडलं त्या संध्याकाळी आमच्यातला मोठा सहज म्हणाला, ३ डिसेंबर म्हणजे बहिणाबाईंची पुण्यतिथी. ती आम्हा जळगावकरांना पाठच आहे. शाळेत दर साली फोटोला हार घालून गाणी म्हणायचो. १९५१ साली गेल्या त्या. आणि गीतमाला १९५२ ची, त्याच तारखेची. बरोबर एक वर्ष. म्हणजे त्या रात्री रेडिओ बंद पडलेल्या आमच्या घरात एका बाजूला घरोट चालू होतं आणि शेजारच्या ओट्यावर अमीन सयानी, आणि दोघांचाही तो दिवस होता. आमच्यापैकी कोणालाही या योगायोगाचा पत्ता नव्हता. पेन्सिल हातात असलेल्या भाऊंनाही नाही.

मग अर्थातच घरात त्या तारखेचा खेळ सुरू झाला. अमेरिकेतल्या पुतण्यानं फोनवर सांगितलं की बीटल्सची 'रबर सोल' १९६५ ला ३ डिसेंबरलाच बाजारात आली आणि १९६८ ला त्याच तारखेला एल्व्हिस प्रेस्ली टीव्हीवर गाजावाजा करत परतला. आम्ही बरं म्हटलं. पुतण्याला बरं वाटावं म्हणून इथे लिहिलं आहे. भावजय हळू आवाजात म्हणाली, भोपाळही तीच तारीख. १९८४. इटारसीकडून भुसावळला येणाऱ्या गाड्यांकडे त्या दिवशी लोक कसे बघत होते ते तिला आठवतं, ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली. खेळ थोडा वेळ थांबला.

आणि देव आनंद. हे आत्यानं सांगितलं, ती आता नव्वदीच्या घरात आहे आणि धुळ्यात देवपूरला मुलाकडे राहते. आत्याच्या आयुष्यात देव आनंदचं स्थान आमच्या आत्याबांच्या जरा वर होतं, आणि आत्याबांनी ते मान्य केलेलं होतं. गीतमालेच्या वार्षिक यादीत १९५४ ला पहिलं 'टॅक्सी ड्रायव्हर'चं गाणं, १९५६ ला 'सी.आय.डी.'चं, १९५८ ला 'सोलवा साल'चं. तिन्ही सिनेमे देव आनंदचे. 'सी.आय.डी.'चं ते गाणं पडद्यावर जॉनी वॉकर म्हणतो, पण आत्या हे मोजत नाही. 'सोलवा साल'च्या गाण्यात जो माउथ ऑर्गन आहे तो तरुण राहुल देव बर्मननं वाजवलेला. तो ऐकून आबाकाकांनी धुळ्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेत माउथ ऑर्गन घेतला आणि महिनाभर घराला छळलं. पुढे आजोबांनी तो बैलाच्या गव्हाणीत लपवला. सापडला तेव्हा बैलानं चाटला होता.

देव आनंद लंडनला गेले ते ३ डिसेंबर २०११ ला, ८८ व्या वर्षी. आपल्याकडे बातमी आली ४ तारखेच्या रविवारी सकाळी. म्हणून आत्याचा आग्रह की हा चौकोनात बसत नाही, तो आपल्या हिशेबानं चार तारखेलाच गेला. देव आनंदला तिनं एक दिवस जास्त दिला आहे. आम्ही वाद घातला नाही.

गीतमाला सिलोनहून पुढे विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. सयानी गेले २० फेब्रुवारी २०२४ ला. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. लिहिता न येणाऱ्या बाईचं नाव पदवीच्या कागदावर छापून येतं, हे आजीला सांगायला हवं होतं. घरोटाची वरची पाळी आता परसात तुळशीला ओटा म्हणून आहे, खालची गावी राहिली. रेडिओ दुरुस्तीहून शनिवारी आला होता, तशी ६ डिसेंबरच्या चौकोनात नोंद आहे: 'रेडिओ आला. रु. ११.' पुढे काही वर्षं तो चालला, मग त्यात सेल ठेवायचे, मग चिमण्यांनी घर केलं.

वही मात्र आहे. २६ नोव्हेंबर १९६९ चं पान भरलेलं आहे, १० डिसेंबरचंही. मधलं पान कोरं. वर काकांच्या अक्षरात तारीख, खाली एक ते सोळा आकडे घातलेले, आणि पुढे काही नाही. पहिल्या पायदानावर त्या रात्री 'इंतकाम'मधलं गाणं होतं असं मोठा म्हणतो. धाकटा म्हणतो 'आराधना'तलं, आणि हात त्याचा होता. काकांना पक्कं ठाऊक होतं, पण ते विचारायच्या आत गेले. धुळ्याची वही देवपूरला घर बदलताना रद्दीत गेली.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल, खाकी पुठ्ठ्याची, त्यांनी एवढं ३ डिसेंबर १९६९ चं पान काढून बघावं आणि आम्हाला सांगावं. आमची ओळ अजून रिकामी ठेवली आहे.